बलात्कारानंतरचे उपचार मोफत असतात; भरलेले पैसे परत मागा

प्रश्न : माझ्या २३ वर्षांच्या नणंदेवर ओळखीतल्या माणसाने बलात्कार केला. त्याला आज नऊ दिवस झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. तिथे आधी ‘पोलिसांचं पत्र आणा’ म्हणाले. खूप विनवण्या केल्यावर दाखल करून घेतलं, पण दहा हजार अनामत भरल्यावरच. दोन दिवसांनी घरी सोडलं तेव्हा बिल साडेअठरा हजारांचं झालं होतं, बाहेरून आणलेली औषधं वेगळी. टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गर्भ राहू नये म्हणून गोळी दिली. त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली आणि रात्री जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. तिथे नमुने घेतले, औषध काहीच दिलं नाही. ‘तुमचे उपचार झालेत ना’ म्हणाले. त्या दिवशीचे तिचे कपडे अजून आमच्याच घरी प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, कोणी मागितले नाहीत. ती रात्रभर जागी असते. एका समुपदेशकाकडे नेतो, दर खेपेला हजार रुपये लागतात. सरकारकडून मदत मिळते असं ऐकलं, पण आरोपीला शिक्षा झाल्यावरच मिळते असं एकाने सांगितलं. सासरे तर म्हणतात, सरकारी पैशाला हात लावायचा नाही, उद्या कोर्टात त्याचा वकील ‘पैशासाठी केस केली’ म्हणेल. खरं काय आहे? आता काय मागता येईल?

उत्तर :

ताई,

पत्र लिहिलंत तेव्हा नववा दिवस होता, आज दहावा. पैशांचं सविस्तर लिहिणारच आहोत, पण आधी औषधांचं बोलू. त्यातल्या एका गोष्टीला आता चारच दिवस उरलेत.

उद्या सकाळी तिला घेऊन जिल्हा रुग्णालयात जा आणि हिपॅटायटिस ‘ब’ची लस मागा. अशा प्रसंगानंतर ही लस जितक्या लवकर द्याल तितकी उपयोगी, आणि १४ दिवसांच्या आत ती सुरू व्हायला हवी. पहिला डोस उद्या, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. लहानपणी तिला ही लस दिलेली असेल आणि तसं कार्ड असेल तर ते सोबत न्या, म्हणजे पुन्हा किती डोस लागतील ते डॉक्टर ठरवतील. कार्ड सापडत नसेल तर शोधण्यात दिवस घालवू नका.

त्याच खेपेला लैंगिक संबंधातून होणाऱ्या इतर संसर्गांवरची औषधं मागा. ती सहसा एक-दोन प्रतिजैविकांची असतात आणि दहाव्या दिवशीही देता येतात. तिथल्याच आयसीटीसीमध्ये, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवतात. आजची चाचणी फक्त ‘घटनेच्या वेळी काय स्थिती होती’ एवढंच सांगते. खरं उत्तर पुढच्या चाचण्यांमधून मिळतं : सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. मधल्या काळात ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गर्भ राहू नये म्हणून दिलेली गोळी चांगलं काम करते, पण तिची शंभर टक्के खात्री नसते. घटनेपासून तीन आठवडे झाले की लघवीची चाचणी करून घ्या, पाळी आलेली असली तरीसुद्धा.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे आणि ती आम्ही लपवत नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं घटनेपासून ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस रोज घ्यावी लागतात. ती मुदत आता गेली. पहिल्या रुग्णालयाने दिली नाहीत. दुसरीकडे गेलात तेव्हा अजून काही तास हातात असावेत, पण त्यांनी पहिल्यांनी दिली असतील असं धरून चाललं. ही चूक वारंवार होते. एका ठिकाणी जखम बघतात, दुसऱ्या ठिकाणी पुरावा गोळा करतात, आणि औषधांची यादी दोघांच्या मध्ये पडून राहते. यात तुमचा दोष नाही. तिला हे सांगायचं असेल तर सोबत हेही सांगा, की एका घटनेतून एचआयव्ही होण्याची शक्यता कमीच असते. चाचण्या करायच्या त्या खात्रीसाठी.

कपड्यांचं काम आजच संध्याकाळी करा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. ते धुऊ नका, झटकू नका. स्वच्छ हातमोजे घालून एकेक कपडा बाहेर काढा, स्वच्छ कागदावर पसरा, ओलसर वाटला तर घरातच सावलीत वाळू द्या. ऊन नको, पंख्याचा झोतही नको. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात घाला. डाग एकमेकांना लागू नयेत म्हणून घडीच्या मध्येही कागद ठेवा. ज्या कागदावर पसरले होते तो कागद आणि ती प्लास्टिकची पिशवीसुद्धा ठेवून द्या. उद्या तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, की कपडे आमच्याकडे आहेत, पंचनामा करून ताब्यात घ्यावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दहा दिवस घरी राहिले म्हणून ते निरुपयोगी झाले असं आपणच ठरवू नये.

आता तुमचा मूळ प्रश्न. ऐकलंत ते खरं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं, की बलात्काराच्या पीडितेला प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो, पालिकेचं असो की खासगी, तात्काळ आणि मोफत प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. हीच तरतूद २०१३ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-क म्हणून होती. १ जुलै २०२४ पासून ती नव्या संहितेत आली. तिचं पालन केलं नाही तर रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नीट वाचा : पोलिसांना कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. म्हणजे ‘पोलिसांचं पत्र आणा’ हे कायद्याच्या नेमकं उलट झालं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हे स्पष्ट आहे, की पीडिता थेट रुग्णालयात आली तरी उपचार आणि तपासणी दोन्ही करायचे; पोलिसांच्या पत्रासाठी अडवायचं नाही. प्रौढ स्त्रीला तक्रार द्यायची नसेल तरी तिला उपचार मिळतातच. ‘तक्रार द्यायची नाही’ एवढी तिची नोंद कागदावर येते.

मग खिडकीवर अनामत का मागतात? अज्ञान हे एक कारण. रात्रपाळीच्या कॅशियरला हे कलम कोणी शिकवलेलं नसतं, आणि संगणकात अनामतीचा आकडा टाकल्याशिवाय दाखल्याचा कागद पुढे सरकत नाही. दुसरं कारण जास्त खोल आहे. कायद्याने ‘मोफत’ म्हटलं, पण खासगी रुग्णालयाचा तो खर्च कोण भरून देणार, हे त्या कलमात कुठेच लिहिलेलं नाही. सरकारी रुग्णालयाचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. खासगी रुग्णालयाने तो स्वतः सोसायचा असतो, आणि सोसायचा नसला की तो रुग्णाच्या बिलावर येतो. आमच्या मते ही कायद्यातली मोठी फट आहे. राज्याने अशा उपचारांची भरपाई रुग्णालयांना थेट देण्याची सोय केली, तर निम्म्या ठिकाणचा अडथळा दुसऱ्या दिवशी दूर होईल. पण फट सरकार आणि रुग्णालय यांच्यामधली आहे. तिचे पैसे तुमच्या नणंदेच्या घरातून जायचं कारण नाही.

आणखी एक युक्तिवाद ऐकायला मिळेल : ‘प्रथमोपचार मोफत, बाकी बिल भरा.’ कलमाचे शब्द ‘प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार’ असे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याचा अर्थ उलगडून सांगितला, की उपचारांत तपासण्या, दाखल करून घेणं, शस्त्रक्रिया, पुढच्या भेटी आणि समुपदेशन हे सगळं येतं. तो निकाल दिल्लीचा आहे, महाराष्ट्रातल्या रुग्णालयावर आपोआप बंधनकारक होत नाही. पण कलम देशभर एकच आहे, त्यामुळे पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

पैसे परत मागण्यासाठी आधी कागद जमवा. अनामतीची पावती, अंतिम बिल, डिस्चार्ज कार्ड, बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि पावत्या. बिल एकाच ओळीत ‘उपचार खर्च’ असं असेल तर तपशीलवार बिल मागा. केसपेपरच्या प्रती मागणारा लेखी अर्ज दिला की रुग्णालयाने त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. मेडिकलच्या दुकानातली पावती थर्मल कागदावर असते, महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं उडतात. आजच झेरॉक्स काढा.

मग रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकांच्या नावाने पत्र लिहा. भाषा साधी ठेवा, शिवीगाळ नको, धमकी नको. मजकूर साधारण असा चालेल :

‘आपल्या रुग्णालयात अमुक तारखेला दाखल झालेल्या रुग्णाच्या (नोंदणी क्रमांक अमुक) उपचारांसाठी आम्हाला एकूण अमुक रुपये भरावे लागले. सदर रुग्ण भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ खालील गुन्ह्यातील पीडित असून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार हे उपचार मोफत देणे आपणावर बंधनकारक होते. तरी सर्व रक्कम १५ दिवसांत परत करावी. बिले व पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’

पत्रात घटनेचं वर्णन लिहू नका, तिचं नावही नको. नोंदणी क्रमांक पुरतो. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि असं पत्र किती टेबलांवर फिरेल ते आपल्या हातात नसतं. एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या. रुग्णालय महापालिकेच्या हद्दीत असेल तर पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. खासगी रुग्णालयांची नोंदणी याच अधिकाऱ्यांकडे असते, त्यामुळे त्यांच्या एका विचारणेला वजन असतं. दुसरी प्रत तपास अधिकाऱ्याला द्या. रुग्णालय या टप्प्यावरच पैसे परत करू शकतं, कारण कलम ३९७ कागदावर दिसलं की प्रकरण त्यांच्या वकिलाकडे जातं. नाही केले, तर पुढचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचा) वकील लिहून देईल. परतावा देताना ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली तर न वाचता करू नका. ‘रक्कम मिळाली’ एवढीच पोच द्या.

जिल्हा रुग्णालयात मात्र उद्या ‘हे औषध बाहेरून आणा’ असं कोणी लिहून दिलं तर दुकानात जाऊ नका. चिठ्ठी घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे जा आणि स्थानिक खरेदीतून किंवा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून औषध द्यायला सांगा. हे अधिकार त्यांच्याकडे असतात.

आता भरपाई. ती शिक्षा झाल्यावरच मिळते हे चूक आहे. पीडित भरपाईची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरीही पीडितेला अर्ज करता येतो. महाराष्ट्रात यासाठी मनोधैर्य योजना आहे, २ ऑक्टोबर २०१३ पासून. सुरुवातीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ निर्णय घ्यायचं. नंतर योजना सुधारली, कमाल रक्कम १० लाख रुपये झाली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. शिवाय राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारताना सांगितलं, की राज्यं तिच्यात भर घालू शकतात, काटछाट करू शकत नाहीत. त्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख रुपये अशी मर्यादा आहे. दोन्हींकडून दोनदा पैसे मिळत नाहीत. म्हणून अर्ज एकच करा, पण त्यात दोन्ही योजनांचा उल्लेख करून ‘यापैकी जे अधिक लाभाचे असेल ते’ असं लिहा.

प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. सचिव हे न्यायाधीश असतात. एफआयआर नोंदली की पोलिसांनी तिची प्रत प्राधिकरणाला पाठवायची असते. ती गेली असेलच असं धरून बसू नका. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती जोडा. सोबत दोन्ही रुग्णालयांचे वैद्यकीय कागद, ओळखपत्र, आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. खातं तिच्या एकटीच्या नावाचं हवं. वडिलांसोबतचं संयुक्त खातं देऊ नका, आणि आधारवरचं नाव व पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आधी बघा. ‘वैशाली’ आणि ‘वैशालि’ एवढ्या फरकावर महिनोन्महिने पैसे अडकतात.

रक्कम ठरवताना प्राधिकरण काय बघतं हे ओळखलंत तर अर्ज नेमका होईल. गुन्ह्याचं गांभीर्य आणि शारीरिक-मानसिक हानी तर बघतातच. पण झालेला आणि पुढे होणारा उपचारखर्च, समुपदेशनाचा खर्च, तपास आणि खटल्यासाठीचा प्रवास, बुडालेलं शिक्षण, सुटलेली नोकरी, गर्भधारणा किंवा संसर्ग, घरची आर्थिक स्थिती हेही मोजतात. म्हणून ‘योग्य ती मदत मिळावी’ असा गोल अर्ज करू नका. ती कुठे कामाला होती, किती दिवस गेली नाही, पगार किती कापला, पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात किती खेपा झाल्या, रिक्षा-बसला किती गेले, समुपदेशकाला किती दिले, असं एका कागदावर तारखेनिशी मांडा. एका साध्या वहीत आजपासून रोज लिहीत गेलात तर सहा महिन्यांनी आठवत बसावं लागणार नाही.

अर्जात अंतरिम मदत वेगळी मागा, कारण न मागितल्यास ती विचारात येतेच असं नाही. राष्ट्रीय योजनेनुसार ही अंतरिम रक्कम कमाल भरपाईच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी नसावी. कलम ३९६ मध्ये आणखी एक कामाची सोय आहे : पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावरून प्राधिकरण तातडीचे वैद्यकीय उपचार मोफत देण्याचा आदेश काढू शकतं. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. प्रत्यक्षात फाइल अडते ती बहुधा ‘वैद्यकीय अहवाल अप्राप्त’ या शेऱ्यावर. डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, म्हणजे तो एव्हाना पोहोचायला हवा. तपासणीच्या कागदांची एक प्रत पीडितेला मोफत मिळते. उद्या जिल्हा रुग्णालयात जाणारच आहात, तर तिथून ती घ्या आणि थेट अर्जाला जोडा.

ती प्रत हातात आली की वाचून बघा. तिची संमती नोंदली आहे का, तपासणी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ आहे का, कोणते नमुने घेतले ते लिहिलं आहे का. ‘टू-फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) किंवा ‘लैंगिक संबंधांची सवय’ अशा अर्थाचं काही दिसलं तर लगेच वकिलाला दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी २०१३ मध्येच चुकीची ठरवली होती आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं बजावलं. आणि ‘ताज्या जखमा नाहीत’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. जखम नसणं म्हणजे बलात्कार झाला नाही असा अर्थ कायदाही काढत नाही, वैद्यकशास्त्रही नाही.

मंजूर झालेले सगळे पैसे लगेच हातात येत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. राष्ट्रीय योजनेत ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते, २५ टक्के वापरायला मिळते. शिक्षणासाठी किंवा उपचारांसाठी ठेवीतली रक्कम लागली तर प्राधिकरणाकडे तसा अर्ज करता येतो. रक्कम कमी वाटली किंवा अर्ज फेटाळला, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करा. या कामासाठी मध्येच कोणी ‘मी करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणून भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

तुमच्या सासऱ्यांची भीती आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. मुलीचं आणखी वाभाडं निघू नये म्हणून बाप असं बोलतो. पण त्यांना दोन वेगळ्या पैशांतला फरक समजावून सांगा. एक पैसा आरोपीकडून येतो : मध्यस्थ घरी येतो, ‘मिटवून टाका, एवढे घ्या’ म्हणतो. तो पैसा घेतला तर खटला खरोखर पोखरला जातो, आणि बलात्कार हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हाच नाही. दुसरा पैसा राज्याच्या तिजोरीतून, कायद्याने ठरवलेल्या अर्जावर, न्यायाधीश असलेल्या सचिवांच्या कार्यालयातून येतो. आरोपीच्या वकिलाने विचारलंच, तर तिने एवढंच सांगायचं, की कायद्यात तरतूद आहे म्हणून तक्रारीनंतर अर्ज केला. तक्रारीची तारीख आधीची आणि अर्जाची नंतरची, हे कागदच सांगतील. ‘आरोपी सुटला तर पैसे परत द्यावे लागतील’ अशीही अफवा असते. राष्ट्रीय योजनेत वसुलीचा प्रश्न न्यायालयाने तक्रार खोटी होती असा निष्कर्ष काढला तरच येतो. पुरावा अपुरा पडून आरोपी सुटणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि त्यांना हेही सांगा, की हे दान नाही. मुलींना सुरक्षित ठेवणं राज्याचं काम होतं, ते झालं नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी उभा राहिला. तो तुमच्या नणंदेसारख्या मुलींसाठीच आहे. त्याच निधीतून १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं सुरू झाली. तुमच्या जिल्ह्यातल्या सेंटरचा पत्ता १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केल्यावर मिळेल. तिथे समुपदेशन, वकील, पोलिसांकडे जायला सोबत आणि गरज पडली तर पाच दिवसांपर्यंत राहायची सोय, सगळं मोफत असतं. आरोपी ओळखीतला आहे, तेव्हा घराजवळ त्याची माणसं फिरकत असतील तर ही राहायची सोय लक्षात ठेवा आणि ११२ ला कळवायला कचरू नका.

हजार रुपयांच्या समुपदेशनाचं काय करायचं? तिचा त्या व्यक्तीवर विश्वास बसला असेल तर लगेच बदलू नका. झालं ते पुन्हा पहिल्यापासून नव्या माणसाला सांगायचं हे तिच्यासाठी फार जड असतं. पावत्या घ्या, त्या भरपाईच्या अर्जाला लागतील. बसला नसेल, तर सखी सेंटर किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग बघा. रात्री झोप उडते तेव्हा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. दचकणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं, अंग चोरणं हे पहिल्या आठवड्यांत बहुतेकींना होतं. महिना उलटूनही तेवढंच राहिलं, जेवण सुटलं, किंवा जगावंसं वाटत नाही असं ती बोलली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जायचं. मानसोपचाराचे कागद म्हणजे ‘ती वेडी आहे’ असा पुरावा होईल ही भीती मनातून काढा. हानी किती झाली हे तेच कागद दाखवतात.

चाचणीत गर्भ राहिल्याचं आढळलं, तर निर्णय तिचा एकटीचा आहे. प्रौढ स्त्रीच्या गर्भपाताला नवऱ्याची, वडिलांची कोणाचीच सही लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कार पीडितेला २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सरकारी रुग्णालयात तो मोफत होतो. फक्त आधी तपास अधिकाऱ्याला कळवा, म्हणजे डीएनएसाठी नमुना जपून ठेवला जाईल.

पीडित १८ वर्षांखालची असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा लागतो आणि नियम थोडे वेगळे, जास्त कडक आहेत. २०२० च्या नियमांनुसार मुलाला तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टर कोणताही कागद मागू शकत नाहीत. बालकल्याण समिती अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तात्काळ मदतीची शिफारस करते, आणि ती आठवड्यात द्यायची असते. बालकांसाठी फोन १०९८.

शेवटी एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या पत्रात सासरे बोलतात, डॉक्टर बोलतात, ऐकीव सांगणारे बोलतात. ती काय म्हणते ते एकदाही आलेलं नाही. ती २३ वर्षांची आहे. लस, चाचणी, भरपाईचा अर्ज, सगळ्यावर सही तिची लागणार आहे. आज रात्री हे उत्तर तिला वाचायला द्या किंवा वाचून दाखवा, आणि उद्या काय करायचं, काय नाही, ते तिला ठरवू द्या. तिला उद्या फक्त लस घ्यायची असेल आणि बाकी कशाचं नाव काढायचं नसेल तर तेही चालेल. भरपाईच्या अर्जासाठी राष्ट्रीय योजनेत तीन वर्षांची मुदत आहे. लसीसाठी चार दिवसांचीच.

चाचण्यांच्या पुढच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या असतील तर नुसतं एक टिंब काढा. कशासाठी ते तिला आणि तुम्हाला कळलं म्हणजे झालं.